शेवटच्या पट्ट्याचे यजमान

लग्नानंतरच्या पहिल्याच माघात मी सासऱ्यांच्या शेतात जाऊन व्याह्यांची पंगत उधळून लावली. ती पंगत आहे हे मला माहीत नव्हतं. मला त्या घारी वाटल्या. त्या घारीच होत्या. पण सासऱ्यांच्या शेतात एवढ्यावर भागत नाही, हे मागाहून कळलं.

झालं असं, की जावयाची सरबराई दोन दिवस गोड लागते आणि तिसऱ्या दिवशी माणूस स्वतःच्या नजरेतून उतरायला लागतो. मी धुळ्याला एका जिनिंगमध्ये कारकून. सासुरवाडी शिरपूरच्या अलीकडे, तापीकाठी. तिथं म्हातारी माणसंसुद्धा उजाडायच्या आत शेतात, आणि मी आपला खाटेवर बसून खापराचे मांडे खातोय. आपणही काही उपयोगाचे आहोत हे दाखवावं, म्हणून तिसऱ्या दिवशी मी छत्री उचलली आणि शेताचा रस्ता धरला.

दादरची सोंगणी चालली होती. दादर म्हणजे आमच्या खानदेशातली हिवाळी ज्वारी. काळ्या जमिनीत दवावर येते आणि माणसापेक्षा उंच होते. बहुतेक शेत कापून झालं होतं. फक्त बांधालगत एक पट्टा उभा होता, आणि त्या पट्ट्यावर शिकारी पाखरांचा नुसता बाजार भरला होता. घारी गिरक्या घेत होत्या, कुणी कणसांच्या शेंड्यावरून तरंगत होतं, कुणी एकदम दगडासारखं खाली पडत होतं. कापणाऱ्या बाया विळे मांडीवर ठेवून सावलीत बसल्या होत्या. माझी खात्री झाली, की पाखरं सासऱ्यांची ज्वारी खाताहेत आणि भीतीपोटी कुणी पुढे होत नाही.

मी पुढे झालो. छत्री उघडत-मिटत, “हाऽऽ! हुर्र!” करत पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावलो. सगळी पाखरं उठली आणि बांध ओलांडून पलीकडच्या शेतात गेली. तिथंही तसाच एक पट्टा उभा होता. त्याच्या कडेला एक म्हातारे गृहस्थ फेटा बांधून उभे होते. त्यांनी मला दोन्ही हात जोडून लवून नमस्कार केला. माणसं किती कदर करतात, असं मला वाटलं.

मागे वळलो तर सासरे. तेही नवं धोतर, केशरी फेटा, खांद्यावर उपरणं अशा थाटात उभे. त्यांनी फेटा काढला, खाली बसले आणि तो मांडीवर ठेवला.

“जावईबापू,” ते म्हणाले, “जेवाले बठेल व्याही उठाडी दिधात तुम्ही.”

त्या संध्याकाळी मला मांडे मिळाले. फक्त वाढताना सासूबाईंनी विचारलं, की परतीची मोटार कधी असते.

माझे सासरे म्हणजे आबा. शिकारी पाखरांचं वेड असलेला माणूस म्हटलं, की त्याचं नाक गरुडासारखं आणि नजर ससाण्यासारखी असणार, असं आपल्याला वाटतं. आबांचं नाक बसकं होतं, आणि त्यांना लांबचं नीट दिसत नसे. पाखरं ते उडण्याच्या ढंगावरून ओळखत, माणसं चालण्यावरून. मला त्यांनी मुलगी दिली तीही माझी चाल बघून. “जमीन धरीसन चालस, हाऊ उपाशी ऱ्हावाव नही,” असं त्यांनी मुलगी देताना चारचौघांत सांगितलं. त्या दिवशी मी कोटाचं पडलेलं बटण शोधत होतो, हे मी आजपर्यंत बोललेलो नाही.

त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की सोंगणी हे लग्नकार्य आहे आणि शेवटचा पट्टा ही त्याची पंगत. शेत तीन बाजूंनी कापत बांधाकडे यायचं. जसजसं शेत मोकळं होतं, तसतसे उंदीर, लावे, नाकतोडे मागे मागे सरकत उरलेल्या उभ्या ज्वारीत दाटीनं गोळा होतात. ते गोळा झाले, की आभाळातून पाहुणे उतरतात. वर्षभर ज्यांनी दाण्यावर ताव मारला ते पानात, आणि ज्यांनी त्यांच्यावर नजर ठेवली ते पाटावर. हे झाल्याशिवाय शेवटचा पट्टा कापायचा नाही. यजमानानं डोक्याला बांधून उभं राहायचं. आरडाओरडा करायचा नाही. बायांनी विळे खाली ठेवायचे.

“बठ्ठा पाव्हना उनात का?” सगळे पाहुणे आले का, हा आबांचा प्रश्न. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटे, घरी कुणी येणार आहे.

पाहुण्यांची ओळख त्यांनी मला दुसऱ्या वर्षी करून दिली. छत्री घरी ठेवायला लावून. कणसांवरून हातभर अंतर राखून, एकही फडफड न करता जो सावकाश जातो तो भोवत्या. दसऱ्यानंतर उत्तरेकडून येतो आणि होळीनंतर जातो. त्याचं नाव व्याही. कारण तो शेताच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक पातेल्यात डोकावत जातो, आणि त्याला काही पसंत पडलं असं त्याच्या तोंडावरून कधीच कळत नाही. जो लहान ससाणा वाऱ्यात एकाच जागी टांगल्यासारखा राहून खाली बघतो तो मोजणीदार. पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा, बाभळीच्या शेंड्यावर बसून दुसऱ्यांचं भांडण संपायची वाट बघणारा तो वकील. झाडीतून एकदम येऊन धरपकड करणारा शिक्रा म्हणजे फौजदार. आणि घारी म्हणजे भाऊबंद. त्यांना बोलवावं लागत नाही.

एकदा पोळ्याच्या दिवशी अंगणातून एका घारीनं सासूबाईंच्या ताटातली पुरणपोळी उचलली. सासूबाईंनी दगड घेतला. आबा म्हणाले, “ऱ्हाऊ दे. हक्कनं लई गया. मांगीसन लई जाता ते भाऊबंद कसाना?”

एका वर्षी खराखुरा फौजदार आला. त्याला कुणी सांगितलं होतं, की या पट्ट्यात लाव्यांची शिकार चांगली होते. बंदूक घेऊन घोड्यावरून उतरला. आबांनी त्याला खाटेवर बसवलं, गूळपाणी दिलं, खाली वाकून नमस्कार केला आणि सांगितलं, की पहिली पंगत बसली आहे, ती उठली की लगेच आपलं पान. फौजदार मांडीवर बंदूक घेऊन बसला. शिक्रा झाडीतून सुटून एक लावा घेऊन गेला. “हाऊ बी फौजदारच शे,” आबांनी ओळख करून दिली. दुपार कलली. भोवत्या दहा वेळा या टोकाकडून त्या टोकाकडे गेला. पंगत उठेपर्यंत पट्ट्यात लावे उरले नव्हते. फौजदार निघताना आबांनी त्याला सोबत एक भोपळा दिला. पाहुण्याला रिकामं पाठवत नाहीत.

बायांची मुकादमीण गिरजामाय म्हणून होती. तिची जीभ तिच्या विळ्यासारखी. “आबा, व्याहीसनं पोट भरनं व्हई ते आम्ही कापाले लागूत का? का आक्षता आनू?” असं ती दरवर्षी विचारी. आबा दरवर्षी गंभीरपणे सांगत, “आक्षता नको. पाखरं घाबरतस.”

इथवर आबा म्हणजे निव्वळ गंमत होते. पण पंगत म्हटली की मानपान आले, आणि मानपान म्हटले की भाऊ आला.

बांधापलीकडे मला नमस्कार करणारे गृहस्थ म्हणजे नाना. आबांचे धाकटे सख्खे भाऊ, माझ्या बायकोचे नानाकाका. वाटणीआधी हे एकच शेत होतं. चारी बाजूंनी कापत मध्याकडे यायचं, मध्ये शेवटचा तुकडा उरायचा आणि दोघं भाऊ दोन बाजूंना फेटे बांधून उभे राहायचे. वाटणी झाली आणि मध्यावरून बांध गेला. वाटणी अगदी सुरळीत झाली. विहिरीवरून नाही, बैलांवरून नाही, कशावरून भांडण नाही. गाव थोडं हिरमुसलंच होतं.

मग वाटणीनंतरच्या पहिल्याच माघात, माझ्या लग्नाच्या आधी, नानांनी आपली सोंगणी बांधाकडून सुरू केली. त्यांच्या मनात एवढंच होतं, की बांधालगतची ताटं आधी काढून घ्यावी, म्हणजे तुझी-माझी हा प्रश्न उद्भवायला नको. भावाचा मान राखावा. पण बांधाकडून कापल्यामुळे उंदीर, लावे बाहेरच्या कडांना पसरले आणि चारी दिशांना शेजारच्या शेतांत निघून गेले. आबा फेटा बांधून आले तेव्हा पाखरं वर गिरक्या घेत होती आणि खाली काहीच नव्हतं. बघता बघता ती निघून गेली.

“पाव्हना उपाशी गयात,” आबा बांधावरून म्हणाले. “घरमा यजमान नही का?”

“यजमान आते दोन शेतस,” नाना म्हणाले. आता यजमान दोन आहेत.

एवढंच. त्यानंतर दोघे बोलले नाहीत. आबांनी बांधापलीकडे पाऊल टाकलं नाही, नानांनी अलीकडे. आबा भावाला ‘पलीकडला’ म्हणू लागले. नानाही आबांना ‘पलीकडला’च म्हणत. दोघांची बाजू वेगळी असल्यामुळे घोटाळा होत नसे.

पुढच्या वर्षापासून नानाही शहाण्यासारखे तीन बाजूंनी कापत बांधाकडे येऊ लागले. त्यामुळे बांधाच्या दोन्ही अंगांना एकेक पट्टा उभा राहू लागला, आणि खरी पंचाईत सुरू झाली. कारण बांध माणसांसाठी असतो, उंदरांसाठी नाही. जो आपला पट्टा आधी कापील त्याचे उंदीर-लावे बांध ओलांडून दुसऱ्याच्या ज्वारीत जाणार, आणि त्यांच्यामागून पाहुणेही. जो थांबेल त्याच्याकडे पंगत. गावात बोलणं असं झालं, की व्याही ज्याच्या पट्ट्यावर उतरतो तोच घराचा खरा यजमान.

म्हणून दोघेही थांबत. सगळ्या गावाची खळी उठत, आणि या दोन भावांचे दोन पट्टे बांधाच्या दोन बाजूंना वाळत उभे असत. चिमण्या खात. दाणे गळत. सासूबाई कपाळाला हात लावत. एका फाल्गुनात गारा पडल्या आणि दोन्ही पट्टे आडवे झाले. आबा शेतावरून भिजून आले, म्हणाले, “पलीकडलानं बी गयं,” आणि शांतपणे जेवले.

या राजकारणात मला एक जागा मिळाली. जावई दोन्ही घरांचा असतो, त्यामुळे बांधावर उभं राहायचा अधिकार फक्त मला होता. दरवर्षी माघात रजा काढून मी त्या बांधावर उभा राहत असे. जिनिंगमध्ये मी सांगे, सासऱ्यांकडे कार्य आहे.

“जावईबापू,” आबा समोर आभाळाकडे बघत म्हणत, “पलीकडलाले इचारा, दादर कव्हय कापस?”

नाना माझ्या दुसऱ्या बाजूला, काठी पोचेल एवढ्या अंतरावर. मी त्यांच्याकडे वळून विचारी, “आबा विचारताहेत, दादर कधी कापणार?”

“त्याले सांगा, मनी दादर आजून हिरवी शे.”

“अजून हिरवी आहे म्हणतात.”

“हिरवी? चिड्या खाईसन गयात बठ्ठी!”

मी नानांकडे वळलो. “चिमण्यांनी सगळी खाल्ली, असं—”

“मले कान शेतस,” नाना म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं, की हे थेट उत्तर झालं. ते गडबडले. “हाई त्याले सांगू नका.”

मी नाही सांगितलं. आबांनीही ऐकलं नाही.

त्याच वेळी वर वाऱ्यात तो लहान ससाणा येऊन टांगल्यासारखा उभा राहिला, आणि माझ्या दोन्ही कानांत एकदमच शब्द पडला, “मोजणीदार!” एका बाजूनं आबा, दुसऱ्या बाजूनं नाना. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. पण दोघांचेही चेहरे खिशातली वस्तू दुसऱ्याच्या हातात दिसावी तसे झाले.

ही नावं मी आबांची समजत होतो. घरी बायकोला विचारलं. ती दाणे पाखडत होती.

“नावं दोघांची,” ती म्हणाली. “लहानपणी राखणीला दोघं एकाच माळ्यावर असायचे. दिवसभर दुसरं काय करणार? व्याही आबांनी ठेवलं. वकील आणि मोजणीदार नानाकाकांचे. फौजदारावरून मारामारी झाली होती म्हणे. आजोबांनी दोघांनाही मारलं.”

“मग आता नावं तरी वाटून घ्यायची.”

“वाटणीत सगळंच कुठं येतं?” ती म्हणाली, आणि सूप आपटून उठली.

शेवटचं वर्ष सांगतो.

त्या पौषात नानांवर अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. आबांना निरोप द्यायला गडी गेला तेव्हा ते बैलाचे खूर बघत होते. बघतच राहिले. मग म्हणाले, “मंग औंदा पलीकडली दादर कोन कापस?” गडी गावभर हे सांगत सुटला. माणूस असा कसा, असं सगळे म्हणाले. मीही धुळ्यात बसून म्हणालो.

माघात आम्ही गेलो. सवयीप्रमाणे दोन्ही शेतं कापून झाली होती आणि बांधाच्या दोन बाजूंना दोन पट्टे उभे होते. पलीकडचा कारभार काकू बघत होत्या, नानांची बायको. त्या व्यवहाराच्या. त्यांनी माझ्या बायकोला विहिरीवर सांगितलं, की घरात माणूस असा पडलेला, आता कसली पाखरं नि कसला मान. उद्या दुपारच्या आत मी आमचा पट्टा कापून घेणार.

ही बातमी गिरजामायनं आबांना सांगितली. अंगणात, आमच्या देखत. “आबा, आते काय! औंदा बठ्ठा पाव्हना तुमनाच.”

खरंच होतं. उद्या पलीकडला पट्टा गेला, की बांधावर उभा असा एकच पट्टा उरणार होता, आबांचा. इतकी वर्षं ज्याच्यासाठी दादर वाळवली ते उद्या बसल्या जागी मिळणार होतं, आणि तेही कायमचं, कारण नाना पुन्हा बांधावर उभे राहतील असं वैद्यांनाही वाटत नव्हतं. मी आबांचं अभिनंदन करण्याच्या बेतात होतो. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी पाणी प्यालो.

आबांनी अर्धी भाकरी खाल्ली. फेटा ट्रंकेतून काढून उशाशी ठेवला.

सकाळी त्यांनी मला हाक मारली. दारात दमणी जुंपलेली. आत गादी, दोन लोड. “जावईबापू, पलीकडलाले शेतवर लई या. जरा वारा लागू द्या त्याले.”

“गडी जाईल की.”

“तुम्ही जा,” आबा म्हणाले.

नानांना आम्ही चौघांनी उचलून दमणीत बसवलं. डोकं उघडं, केस विसकटलेले, उजवा हात मांडीवर दुसऱ्याचा ठेवल्यासारखा. काकू बैलांकडे बघून म्हणाल्या, “हे बैल तर—” आणि थांबल्या. बैल कुणाचे हे सगळ्या गावाला माहीत होतं. त्याही विळेकरी बाया घेऊन मागोमाग निघाल्या.

आम्ही नानांच्या पट्ट्याजवळ दमणी सोडली तेव्हा बांधापलीकडे नजर गेली. आबा उघड्या डोक्यानं, हातात विळा घेऊन आपला पट्टा कापत होते. स्वतः. गिरजामाय आणि तिच्या बाया शेजारी ओळीनं. अर्ध्याच्या वर पट्टा आडवा झाला होता.

“आबा, पाव्हना?” गिरजामायचा आवाज इकडे ऐकू आला. त्यात टोमणा नव्हता.

“काप,” आबा म्हणाले.

ताटं पडत होती तसतसा बांध हलायला लागला. गवतातून उंदीर निघत होते, एक ससा गेला, लावे फर्रकन उठून डोक्यावरून येऊन नानांच्या ज्वारीत पडत होते. सगळा पट्टाच बांध ओलांडून इकडे येत होता. आणि मग वर सावल्या फिरायला लागल्या. आधी भाऊबंद. मग बाभळीवर वकील येऊन बसला. काकूंनी बायांना विळे खाली ठेवायला सांगितलं. आपण सांगितलं हे त्यांना स्वतःलाच पटत नव्हतं.

आबांचं शेत उघडं झालं. ते घाम पुसत बांधावर येऊन उभे राहिले, कमरेला गुंडाळलेला केशरी फेटा सोडला आणि माझ्या हातात दिला.

“पलीकडलाले सांगा, उघडं डोकं लिसन पाव्हनास्ना समोर कोनी बठत नही.”

मी नानांना सांगितलं. नानांचा डावा हात वर गेला, उजवा हलला नाही. फेटा एका हातानं बांधता येत नाही.

“तुम्ही बांधा,” आबा मला म्हणाले.

आता मी टोपी घालणारा माणूस. माझ्या लग्नातसुद्धा फेटा बाशिंगासकट नाकावर आला होता आणि भर मांडवात आबांना तो सोडून पुन्हा बांधावा लागला होता. पण प्रसंग असा होता, की नाही म्हणवेना. मी चाकावर पाय देऊन चढलो आणि बांधायला घेतला. पहिल्या खेपेला तो कानांवरून गळ्यात आला. दुसऱ्या खेपेला नानांचा एक डोळा झाकला गेला. दुसऱ्या डोळ्यानं ते माझ्याकडे अतिशय सहनशीलपणे बघत राहिले. तिसऱ्या खेपेला दात दुखणाऱ्या माणसाला बांधतात तसा तो हनुवटीखालून गेला. बायांनी तोंडाला पदर लावले.

“डावीकडथून,” आबा बांधावरून म्हणाले. “डावीकडथून! पीळ द्या, पीळ. आरे, पीळ!”

मी पीळ दिला. फेट्याचं टोक नानांच्या नाकात गेलं. नाना शिंकले.

तेव्हा आबा बांधावरून खाली उतरले. आमच्या बाजूला. दोन ढांगांत दमणीपाशी आले, माझ्या हातातून फेटा ओढून घेतला आणि मला बाजूला सारलं. “धुळाले लोकस्ले डोकं ऱ्हास का नही?” सगळा वेळ ते माझ्यावरच ओरडत होते. नानांशी एक शब्द नाही. पण हात चालले होते. केस मागे सारले, पहिला फेर घट्ट, दुसरा तिरका, पीळ, मग टोक खोचून शेमला मागे सोडला. शेवटी अंगठ्यानं नानांच्या कपाळावरचा घाम पुसला आणि तो अंगठा आपल्या धोतराला पुसला.

कणसांवरून हातभर अंतर राखून भोवत्या आला. पंख न हलवता या टोकाकडून त्या टोकाकडे गेला, प्रत्येक पातेल्यात डोकावत.

नानांनी तोंड उघडलं. “बठ्ठा...” एवढाच शब्द बाहेर आला. मग नुसता श्वास. पुन्हा म्हणाले, “बठ्ठा...”

मी पुढे होऊन म्हणालो, “आबा, नाना विचारताहेत—”

“मले कान शेतस,” आबा म्हणाले. आणि मग दमणीच्या चाकाला टेकून, वर हात करून, सावकाश सांगायला लागले, “उनात. व्याही उना, देख. तो तठे वकील बठेल शे, तुना. मोजणीदार आजून येल नही. येई. थांबूत.”

मी तिथं होतो, पण हे मला पलीकडे सांगायचं नव्हतं. मी बांधावर जाऊन बसलो. तिथं आता काही काम नव्हतं.

परतीच्या मोटारीत मी बराच वेळ स्वतःवर खूष होतो. पंचांना जमलं नाही, सोयऱ्यांना जमलं नाही, ते माझ्या अडाणीपणानं करून दाखवलं, असं मी बायकोला धुळं जवळ येईपर्यंत तीन-चार प्रकारांनी सांगितलं. ती खिडकीतून बाहेर बघत होती.

“आपल्या लग्नात तुमचा फेटा पुन्हा कुणी बांधला?” तिनं विचारलं.

“आबांनी.”

“मग,” ती म्हणाली, “फेटा बांधता येणारी माणसं गावात पैशाला पासरी होती. आबांनी न येणारा पाठवला.”